दसाचा माळ

काल दिवस मावळताना माळावरचे चर तोंडोतोंड भरलेले अंबूबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. सकाळी पावसाचं माप बघायला ती वर आली, तर चरांच्या तळाला नुसता चिखल. पाऊस तर रातभर हटला नव्हता. पाणी कडेवरून ओसंडून गेलं म्हणावं, तर खालच्या अंगाचं गवत उभंच्या उभं होतं. म्हणजे पाणी खालीच गेलं होतं. डोंगराच्या पोटात.

तिनं मापाची नळी डोळ्यासमोर धरली, प्लॅस्टिकच्या पिशवीतली वही काढून आकडा लिहिला. दोनशे दहा मिलिमीटर. नळी पालथी केली आणि तशीच उभी राहिली. वर धुकं, खाली धुकं. खालच्या धुक्यात उंबरदऱ्याची वाडी होती. चौदा उंबरे. त्यातला एक तिचा.

घरी येऊन तिनं आकडा फोनवर कळवला, चर रिकामे झाल्याचंही कळवलं. पाच गावांच्या ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडायला लागली. सून सारिका भाकरी थापता थापता वाचून दाखवत होती.

"येका रातीत मुरलं म्हनून लिवलंय, आत्या. तुमचं पन नाव घेतलंय. पावसाची बाई म्हनत्यात."

"मुरलं म्हंजी कुटं गेलं, ते लिवलंय का कुनी?"

"तसं न्हाई लिवलं."

"मग ऱ्हाऊ दे. भाकर करपतीय बघ."

अंबूबाई मूळची सुदुंबऱ्याची. मावळातलीच, पण सपाटीची. तिकडं जमीन पायाखाली गप पडून असते. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती आंदर मावळात आली, तेव्हा टाकव्यापासून पुढं सगळं चालणं होतं, आणि नवरी वाटेत दोनदा बसकण मारून रडली, हे वाडी अजून सांगते. पहिलं वर्षभर तिला डोंगराचं भ्याव वाटायचं. सासू रतनबाई हसायची. "डोंगर म्हंजी म्हस हाय गं," म्हणायची. "पोटावर हात ठिवायला शीक. आत काय चाललंय ते कळंल."

रतनबाईनं तिला भात लावायला शिकवलं, रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायला शिकवलं, आणि आणखी एक काम शिकवलं. राब भाजून झाले की पेरणीच्या आधी एक दिवस वाडीतल्या बायका कुदळी घेऊन वाडीच्या डोक्यावरच्या माळावर चढायच्या. बुजून गेलेल्या पाण्याच्या वाटा उकरायच्या. सरळ खाली नाही, तिरप्या, बाजूच्या घळीकडं उतरणाऱ्या. याला म्हणायचे पाण्याला वाट दावणं. नारळ नाही, गाणं नाही, गडीमाणसांचं तिथं काम नाही. बायका उकरायच्या, कांदाभाकर खायच्या, उतरायच्या. दरसाल रतनबाई नव्या सुनांना तेच सांगायची, "ह्या माळावर पानी थांबू द्यायचं न्हाई. थांबलं की ह्यो खाली बसतोय. आपल्यावर बसतोय."

माळाचं नावच तसं होतं. धसाचा माळ. धस म्हणजे आतनं सुटलेली, कधी खाली येईल त्याचा नेम नाही अशी जमीन. पण आंदर मावळात एवढं जड अक्षर तोंडात धरून कोण ठेवतो? कुठं नाही, कुटं. तिथं नाही, तितं. तसं धसाचा नाही, दसाचा. बोलीनं काही चोरलं नव्हतं. ऐकणाराला अर्थ ठाऊक होता तोवर दसाचा म्हटलं काय आणि धसाचा म्हटलं काय, बाई कुदळ घेऊनच चढत होती.

मग रतनबाई गेली. दोन सालांनी अंबूबाईचा नवरा गेला, कामशेतच्या बाजारातनं येताना टेम्पो उलटून. ती दूध घालत राहिली, करवंदं विकत राहिली, पोरगा राजेंद्र तळेगावच्या कंपनीत लागला. वाडीतल्या बायका पॉलिहाऊसवर गुलाब तोडायला जाऊ लागल्या. तिथं सुट्टी मिळत नाही. एक साल कुणी माळावर गेलं नाही. काही झालं नाही. दुसऱ्या सालीही झालं नाही. वीस वर्षांत वाटा बुजल्या, आणि कुदळीही भंगारात गेल्या.

तीन सालांखाली लोणावळ्याचे गोपाळकृष्ण आले. वय पंच्याहत्तर, गुडघ्याला पट्टा, हातात छत्री. जन्मभर कमावलेलं त्यांनी एका संस्थेत घातलं होतं. माणूस सरळ. देवळात बसून म्हणाले, "एका गावाला मी एक झाडसुद्धा देणार नाही. पाच गावं एका ठिकाणी बसून ठरवणार असाल तर मागाल ते. डोंगर तुमचा, ओढा तुमचा. ठरवायचं तुम्ही. मी मागं उभा राहीन, पुढं येणार नाही."

गुरं चारायच्या हद्दीवरनं चाळीस वर्षं एकमेकांची डोकी फोडणारी पाच गावं एका सतरंजीवर बसली, ही काही लहान गोष्ट नव्हती. खोरं राखण मंडळ निघालं. नियम एकच मोठा: पाच गावांचं एकमत झाल्याशिवाय काही करायचं नाही, आणि केलेलं मोडायचं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात वणवा पेटला नाही. वणवा अडवायला जाळपट्टे काढले, बुजलेले झरे मोकळे केले, मार्च महिन्यात ओढ्याला पाणी दिसलं. अध्यक्ष झाले अंबूबाईचे थोरले दीर, हौशीराम. सगळे त्यांना आबा म्हणत. वाडी सोडून त्यांनी खाली रस्त्याला स्लॅबचं घर बांधलं होतं.

वाडीला मात्र मत नव्हतं. वाडी म्हणजे गाव नव्हे.

मंडळाचा नकाशा केला तो दिवस अंबूबाईच्या डोक्यातनं जात नव्हता. संस्थेची प्रेरणा, तळेगावची पोरगी, हुशार, पायात बूट घालून कुठंही चढणारी, देवळाच्या फरशीवर रंगीत खडूनं खोरं काढत होती. अंबूबाई चहा देत होती.

"या वाडीच्या वरच्या भागाला काय म्हणतात, आबा?"

"दसाचा माळ."

प्रेरणानं लिहिलं, 'दासाचा माळ'. मग मान वर केली. "कोणते दास?"

हौशीराम थबकले. पोरपणापासून नाव तोंडात होतं, पण त्याच्या आत कधी डोकावले नव्हते. ते बायकांचं काम होतं. समोर संस्थेची माणसं, भोवती पाच गावं, आणि अध्यक्षाला आपल्याच डोंगराचं नाव ठाऊक नाही?

"व्हते येक दासबाबा," ते म्हणाले. "लय जुने. तितं ध्यानाला बसायचे."

अंबूबाईनं कपबशी खाली ठेवली. थोरल्या दिराच्या तोंडापुढं तोंड उघडायची रीत नव्हती. पदर पुढं ओढून ती हसू गिळत आत गेली. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

सहा महिन्यांत माळावरचा एक दगड चुन्यानं रंगला. पाटी लागली. पुढच्या साली चैत्रात भंडारा झाला. दासबाबांनी तहानलेल्या गुराख्याला पाणी काढून दिलं, अशी गोष्टही कुणीतरी जोडली. म्हणून मग ठरलं, बाबांच्या माळावर पाणी अडवायचं. पाच गावं एकमतानं श्रमदानाला आली आणि वाडीच्या डोक्यावर चर खोदून गेली. आडवे, सपाट, पाणी जागच्या जागी थांबवणारे. अंबूबाईनंही तीन दिवस माती उचलली. त्या तीन दिवसांत तिच्या मनात रतनबाई बोलत होती आणि ती पाट्या भरत होती.

आता आषाढ सरत आला होता, आणि वाडीत रोज काहीतरी होत होतं. सोमवारी सारिकाला घराचं दार ओढूनही लागेना, चौकट तिरकी झाली होती. मंगळवारी घरामागच्या बांधातनं जिथं कधी नव्हता तिथं झरा फुटला. बोटभर जाड, गढूळ, चहासारखा. बुधवारी म्हस गोठ्यात शिरेना. चार जणांनी ढकलली तरी दावं ताणून पावसात उभी.

गुरुवारी, ते रिकामे चर बघून आल्यावर, अंबूबाई छत्री घेऊन रस्त्याला उतरली, हौशीरामाच्या दारात उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा दिराशी समोरासमोर बोलली.

"भावजी, चर फोडाया पायजेल. पानी घळीत सोडाया पायजेल. आजच."

हौशीराम झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला. "कुनी सांगितलं?"

"त्यो माळ दासाचा न्हाई. धसाचा हाय. तुमाला बी म्हाईत हाय."

"मला काय म्हाईत हाय ते तू सांगनार व्हय?" आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अंबे, पाच गावांनी तितं नारळ फोडलाय. उद्या म्या सांगू, बाबा न्हवता म्हनून? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या. आन् सायेबांचा इस्वास गेला तर मंडळच मोडंल. पुन्यांदा वणवं, पुन्यांदा डोकी फोडाफोडी. तुला तेच पायजेल?"

"मला पोरं जित्ती पायजेल."

"घरी जा. पावसानं चौकटी फुगत्यात."

तिनं दारातनंच प्रेरणाला फोन लावला. हौशीराम ऐकत होते, त्यांना ऐकू यावं म्हणूनच.

"मावशी, मी गोपाळकृष्ण काकांना आत्ताच सांगते," प्रेरणा म्हणाली. "पण चर फोडायचे म्हणजे पाच गावांची बैठक लागेल. आजच बोलावते, दुपारी. तुम्ही या. तुम्हाला मत नाही, पण बोलायला कोणी अडवणार नाही."

दुपारी देवळात पाचही गावांची माणसं जमली. गोपाळकृष्ण घाटातल्या धुक्यातनं गाडी घालून आले होते, पायातले मोजे पिळत बसले होते. अंबूबाई खांबाला टेकून उभी. तिनं दार सांगितलं, झरा सांगितला, म्हस सांगितली. कुणीतरी मागनं म्हणालं, "म्हशीला बी मंडळात घ्या मग." हशा झाला. ती थांबली. हसणं विझल्यावर म्हणाली, "माळाचं नाव म्हना समद्यांनी. तोंड भरून म्हना. ध. धसाचा."

कुणी म्हटलं नाही. पण दोन म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"सासूनं. ह्यांच्या आईनं," अंबूबाईनं हौशीरामाकडं हात केला. "ती ह्या माळावर पानी थांबू द्यायची न्हाई. आमी दरसाल वाटा काडायचो."

गोपाळकृष्ण वळले. "आबा, तुम्ही सांगा. दासबाबा होते की नव्हते?"

पावसाचा आवाज पत्र्यावर एवढा होता की उत्तर ऐकायला पुढची माणसं वाकली. हौशीरामानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"व्हते," ते म्हणाले.

मग बाकीचं लवकर उरकलं. दोन गावं म्हणाली, चर फोडा. तीन म्हणाली, एवढं राबून केलेलं एका बाईच्या सांगण्यावरनं मोडायचं? गोपाळकृष्णांच्या तोंडावर काळजी स्पष्ट होती. पण ते म्हणाले, "तुम्ही एकमतानं बांधलेलं मी मोडा म्हणालो तर उद्या हे मंडळ माझं होईल, तुमचं राहणार नाही. पुण्याहून डोंगराचा जाणकार बोलावतो. तो रविवारी येईल. तोवर वाडीनं सावध राहावं."

"सावध म्हंजी काय करायचं, सायेब?" अंबूबाईनं विचारलं. "जागं बसायचं का?"

गोपाळकृष्णांनी ओले मोजे पुन्हा पायात चढवले.

शुक्रवारी उजाडता उजाडता अंबूबाई घरोघर गेली. कुदळ दोनच घरांत सापडली. बाकीच्यांनी कुणी टिकाव घेतला, कुणी फावडं. सात बायका निघाल्या. पॉलिहाऊसचा खाडा झाला तर झाला. सारिका म्हणाली, "आत्या, मंडळ काय म्हनंल?" एक म्हातारी म्हणाली, "मंडळाला वर यायला दम लागंल, तवर व्हईल आपलं." पण हसलं कुणी नाही.

माळावर पाय ठेवला आणि सगळ्याच थांबल्या. गवत दबत होतं. पायाखाली जमीन नव्हती, भिजलेली गादी होती. चर पुन्हा भरत होते आणि भरता भरता भोवरे धरून आत जात होते. एवढ्या पावसात आवाज यायचा तो एक, घशातनं गिळल्यासारखा.

त्या कडेच्या टोकाला लागल्या, घळीच्या बाजूला, आणि चरांची तोंडं तिरकी उकरू लागल्या. पहिला चर फुटला, पाणी घळीकडं धावलं. दुसरा फुटला. तिसऱ्याला असताना खालनं हाक आली.

"हात लावू नका! कुनी सांगितलं?"

हौशीराम चढत होते. सत्तरीचा माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात काठी. माळ लागताच दम खायला थांबले, आणि तिथंच थांबून राहिले. बाबांच्या दगडाजवळ. चुन्याचा दगड काल सरळ होता, आज डोंगराकडं मान टाकल्यासारखा कलला होता. त्याच्या बुडाशी गवतात एक भेग होती. वर-खाली नाही, आडवी. या टोकापासनं धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत.

हौशीरामानं काठी आत घातली. काठी गेली. ते पोटावर आडवे झाले, हात घातला. कोपर गेलं. खांदा गेला. गाल चिखलाला टेकला, आणि तसेच पडून राहिले. अंबूबाई जवळ आली तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते.

"आतनं गार वारं येतंय," ते म्हणाले.

तिनं त्यांना बगलेत हात घालून उठवलं. दिराला हात लावायची रीतही नव्हती. त्या दिवशी तिच्याकडनं सगळ्याच रीती मोडल्या.

"आता चर ऱ्हाऊ दे," हौशीराम म्हणाले. "वेळ गेली त्येची. पोरं खाली घे. आधी पोरं."

वाडी दुपारपर्यंत रिकामी झाली. हौशीराम स्वतः दारोदार फिरले. दर दारात उभं राहून म्हणाले, "दासबाबा न्हवता. म्या खोटं बोललो. चल." चौदा वेळा म्हणाले. एका घरातला म्हातारा त्यांच्या तोंडावर थुंकला. त्यांनी पुसलं आणि म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं. गुरं दावी सोडून हाकलली. सगळ्यांना शाळेत आणलं, खाली, ओढ्याच्या काठाला, कारण तेवढीच जागा मोठी होती आणि चावी गावात होती.

वर्गात चाळीस माणसं, ओल्या घोंगड्यांचा वास, पोरांची रडारड. सारिकानं चूल मांडली. प्रेरणा तळेगावहून निघाली होती, रस्त्यावर झाड पडल्यानं टाकव्याच्या अलीकडं अडकली होती, फोनवर रडत होती. कुणीतरी म्हणालं, उद्या ऊन पडलं की आपण परत जाऊ, उगा घाबरवलं म्हातारीनं. अंबूबाई खिडकीपाशी बसून वरच्या धुक्याकडं बघत होती. धुक्यात काही दिसत नव्हतं. पाऊस एवढा, की माळ जागेवर आहे का खाली आलाय, कानाला कळायचा मार्ग नव्हता.

चारच्या सुमाराला तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. तिनं चूल बघितली, पोरं मोजली. पोरं सगळी होती. मग कळलं. शाळेत पाऊल ठेवल्यापासनं जिच्यामुळं ओरडून बोलावं लागत होतं, ती ओढ्याची घरघर थांबली होती.

ती बाहेर गेली. पाऊस तोंडावर सपासप लागत होता. काठावर उभी राहून तिनं खाली बघितलं. सकाळी दोन पुरुष उंचीचं लाल पाणी होतं तिथं उघडे दगड होते. दगडांवर एक मासा तडफडत होता. आभाळ फाटलं होतं आणि ओढा आटला होता.

मागनं हौशीराम आले. त्यांनी ओढ्याकडं बघितलं, मग वरच्या घळीच्या दिशेनं. वर कुठंतरी, धुक्यात, कुणीतरी त्या पाण्यासमोर दार लावलं होतं, आणि पाणी त्या दारामागं चढत होतं.

"आलाय त्यो खाली," ते म्हणाले. "घळीत बसलाय."

"किती वेळ धरंल?"

"माती हाय, अंबे. पानी थांबलंय तिच्यामागं."

ती वळली आणि पळत वर्गात शिरली. ओरडली नाही. ओरडलं की पोरं दारात चेंगरतात. तिनं चुलीवरचं पातेलं पायानं लवंडून विस्तव विझवला. वर्ग गप झाला.

"उटा," ती म्हणाली. "काय घेऊ नका. शाळंमागच्या टेकाडावर चढायचं. ओढा मागं ठिवून चला."

या वेळी कुणी कारण विचारलं नाही. सारिकानं दोन पोरं काखेत घेतली. हौशीराम म्हाताऱ्याला पुन्हा पाठीवर घेत होते, आणि म्हातारा त्यांच्या गळ्यात हात टाकत होता. माणसं रांगेनं मागच्या दारातनं पावसात निघाली.

अंबूबाई शेवटची. दारातनं बाहेर पडताना तिनं हात जमिनीला टेकवला. तळव्याखाली फरशी थरथरत होती.